बटणामागची तार

शेतातल्या विहिरीवर विटांची किंवा पत्र्याची एक लहानशी खोली असते. आत भिंतीवर लाकडी फळीला एक लोखंडी पेटी ठोकलेली असते आणि तिच्या तोंडावर दोन बटणे असतात, एक हिरवे आणि एक लाल. हिरवे दाबले की ‘खट्’ असा आवाज होऊन मोटार घरघरू लागते, लाल दाबले की थांबते. महाराष्ट्रातल्या कितीतरी कुटुंबांना यंत्रावर हुकूम चालवण्याचा पहिला अनुभव या पेटीनेच दिला आहे. तिला कोणी स्टार्टर म्हणतो, कोणी नुसतीच ‘पेटी’. कारखान्यात कंट्रोल पॅनेल नावाचे जे भारदस्त कपाट उभे असते, ज्याच्या दारावर बटणांची आणि दिव्यांची आरास मांडलेली असते, ते मुळात या पेटीचेच थोरले भावंड.

या पेटीत एक गोष्ट अशी आहे की तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. मोटार चालू असताना वीज गेली आणि दहा मिनिटांनी परत आली, तर मोटार आपोआप सुरू होत नाही. कोणीतरी जाऊन हिरवे बटण पुन्हा दाबावे लागते. पुष्कळांना हा पेटीचा दोष वाटतो. तो दोष नव्हे, ती मुद्दाम केलेली योजना आहे. हिरवे बटण दाबले की आत तारेच्या एका गुंडाळीत, म्हणजे कॉइलमध्ये, वीज खेळते. त्या विजेने लोखंडाचा लोहचुंबक होतो, तो एक पट्टी ओढून घेतो आणि मोटारीकडे जाणारा विजेचा रस्ता जोडला जातो. बोट उचलल्यावरही रस्ता जोडलेला राहावा म्हणून त्याच पट्टीवरचा एक छोटा संपर्क कॉइलला वीज पुरवत राहतो. म्हणजे कॉइल स्वतःचाच हात धरून उभी असते म्हणा ना! वीज गेली की तो हात सुटतो, आणि माणसाने पुन्हा धरून दिल्याखेरीज धरला जात नाही. वीज गेली म्हणून एखादा गडी विहिरीत उतरला असेल, फूटव्हॉल्व्हमधला कचरा काढत असेल, मोटारीच्या पट्ट्याला हात लावत असेल, तर त्याच्या नकळत यंत्र सुरू होऊ नये एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

आणि आपण काय करतो? शेतीची वीज येते रात्री-अपरात्री. मध्यरात्री थंडीत उठून, विंचूकाट्याच्या वाटेने विहिरीवर जायचे कोणी? म्हणून पेटीशेजारी ‘ऑटो’ बसवला जातो. वीज आली की तो काही सेकंदांत हिरवे बटण दाबल्यासारखे करतो आणि मोटार सुरू. शेतकऱ्याला यासाठी दोष देण्याचे आमच्यात धाडस नाही. रात्री वीज देणाऱ्यांनीच त्याला हा मार्ग दाखवला. पण महावितरण वर्षानुवर्षे ऑटो स्विच काढा म्हणून विनवते आहे, त्यातही तथ्य आहे. सुरू होण्याच्या क्षणी मोटार नेहमीच्या पाच-सहा पट वीज ओढते. एका रोहित्रावरच्या साऱ्या मोटारी वीज येताच एकदम उठल्या की रोहित्र जळते. ही झाली सार्वजनिक हानी. खासगी हानी ही की, पेटी बनवणाऱ्याने विहिरीतल्या माणसाला दिलेले वचन दोन तारांच्या जोडणीने मोडले गेले. आणि हे बाहेरून दिसत नाही. पेटीवर तीच दोन बटणे, तेच रंग.

बाहेरून सारखी दिसणारी बटणे आतल्या तारेमुळे पूर्ण वेगळी होतात, हे एकदा ध्यानात आले की पॅनेल जोडणाऱ्या वायरमनकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू लागतो. भोसरी, चाकण, नाशिकचे अंबड आणि सातपूर, वाळूज, कोल्हापूरचे गोकुळ शिरगाव अशा औद्योगिक वसाहतींत पॅनेल बनवणारी लहान-मोठी वर्कशॉप्स आहेत. पत्र्याच्या छपराखाली दहा-वीस माणसे, आयटीआयमधून इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनचा कोर्स करून आलेली मुले, अलीकडे मुलीही. यांच्या हातून तयार झालेले कपाट पुढे साखर कारखान्यात, दूध डेअरीत, औषधांच्या कंपनीत, नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात, नाहीतर तुमच्या-आमच्या सोसायटीच्या पंपघरात उभे राहते. कपाटावर कंपनीची पाटी असते. ज्याने तार ओढली त्याचे नाव अर्थात कुठेच नसते.

काम सुरू होते पत्र्याच्या दारावर भोके पाडण्यापासून. बहुतेक बटणे आणि दिवे साडेबावीस मिलिमीटरच्या भोकात बसतात. जगभरच्या कंपन्यांनी हे माप मानले आहे, त्यामुळे एकाचे बटण मोडले तर दुसऱ्याचे बसते. भोक पाडणे सोपे, ते कुठे पाडायचे हे ठरवणे अवघड. वरच्या ओळीत बहुधा लाल, पिवळा आणि निळा असे तीन दिवे असतात, तिन्ही फेज आल्या आहेत हे सांगणारे. त्याखाली व्होल्ट आणि अँपिअर दाखवणारी घड्याळे, त्याखाली बटणे. मुख्य स्विचची मूठ जमिनीपासून साठ सेंटिमीटरच्या खाली नको आणि एकशे नव्वदच्या वर नको, असा आंतरराष्ट्रीय मानकाचा दंडक आहे. पण दंडक पाळूनही पॅनेल वाईट होऊ शकते. तीन पंप भिंतीशी डावीकडून उजवीकडे एक, दोन, तीन असे उभे आहेत आणि पॅनेलवर त्यांची बटणे वरून खाली तीन, एक, दोन अशी, तर घाईच्या क्षणी चूक होणारच. गृहिणींना हे वेगळे सांगायला नको. चार बर्नरच्या शेगडीचे नेमके कोणते बटण मागच्या डाव्या बर्नरचे, हे नव्या शेगडीवर कितीदा चाचपडावे लागते! डोनाल्ड नॉर्मन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८८ साली रोजच्या वापरातल्या वस्तूंवर एक गाजलेले पुस्तक लिहिले. त्यात शेगडीच्या बटणांची चर्चा आहे आणि एका अणुवीज केंद्राच्या नियंत्रण कक्षाचे छायाचित्रही आहे. तिथल्या दोन तरफा अगदी एकसारख्या दिसत म्हणून चालकांनीच त्यांवर बिअरच्या नळाच्या दोन निरनिराळ्या मुठी बसवून टाकल्या होत्या.

दार उघडले की आत लोखंडाची एक प्लेट असते, आपल्याकडे ती बऱ्याचदा नारिंगी रंगवलेली असते. तिच्यावर पस्तीस मिलिमीटर रुंदीच्या पट्ट्या स्क्रूने बसवतात आणि त्या पट्ट्यांवर एमसीबी, कॉन्टॅक्टर, रिले, टर्मिनल हे सारे ओळीने चढवतात. मधल्या गल्ल्यांत प्लास्टिकचे खाचांचे चॅनल. तारा या गल्ल्यांतून जातात आणि वर झाकण लागले की दिसेनाशा होतात. चांगल्या वायरमनचे काम झाकण काढल्यावर कळते. तार ताणलेली नाही, वेटोळे करून कोंबलेलीही नाही, वळणावर काटकोनात वळलेली. प्रत्येक तारेच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची पिवळी कडी, जिला फेरूल म्हणतात. सत्तेचाळीस क्रमांकाची तार इथून निघाली तर पलीकडे सत्तेचाळीसच निघाली पाहिजे. यातही एक मेख आहे. इंग्रजी आकड्यांतला सहा उलटा झाला की नऊ होतो, सोळा उलटला की एक्क्याण्णव होतो. म्हणून जाणता माणूस सगळ्या फेरूल एकाच दिशेने वाचता येतील अशा घालतो आणि सहा-नवाखाली रेघ आहे की नाही ते पाहतो. एवढ्या एका कडीपायी पुढे कोणाची रात्र वाया जाऊ शकते.

तारेचे टोक सोलून ते तसेच स्क्रूखाली दाबायचे नसते. तांब्याचे केसासारखे पंचवीस-तीस धागे असतात, त्यातला एक बाहेर राहिला आणि शेजारच्या टर्मिनलला टेकला की संपले. म्हणून टोकावर लग चढवून तो पकडीने चेपायचा आणि मग तार हाताने ओढून पाहायची. ही ओढून पाहण्याची सवय शाळेत मार्क देत नाही, पण उस्ताद कान पिळतो तो इथे. अर्थिंगच्या हिरव्या-पिवळ्या तारेला मात्र टाचणीसारखा किंवा बेचक्यासारखा लग चालत नाही, अंगठीसारखा गोल लागतो. कारण स्क्रू ढिला झाला तरी अंगठी निसटत नाही, स्क्रू पुरा बाहेर आल्याखेरीज ती जागा सोडत नाही. दारालाही वेगळी अर्थिंगची तार हवी. दार बिजागरीवर लटकते, बिजागरीला रंग लागलेला असतो, गंज चढतो, आणि बटणांवाटे वीज तर दारापर्यंत आलेली असते. ज्या पत्र्याला कामगार दिवसभर हात लावणार, तोच पत्रा जमिनीशी नीट जोडलेला नाही अशी पॅनेले आजही सापडतात.

आता त्या मोठ्या लाल बटणाकडे येऊ. अळंबीच्या छत्रीसारखे फुगीर, मागे पिवळी तबकडी. संकटकाळी थांबवण्याचे हे बटण. ते दाबले की आत अडकून राहते, फिरवून सोडवावे लागते, आणि सोडवल्याने यंत्र सुरू होता कामा नये. त्यासाठी वेगळे बटण मुद्दाम दाबावे लागले पाहिजे. सामान्य माणसाची समजूत अशी की, हे बटण दाबले की यंत्राकडे ‘थांब’ असा निरोप जातो. खरे तर उलट आहे. हे बटण न दाबलेल्या अवस्थेत त्यातून सतत एक प्रवाह वाहत असतो आणि तो जणू यंत्राला ‘चालू दे, चालू दे’ असे सांगत असतो. दाबले की तो निरोप तुटतो. वरकरणी हा द्राविडी प्राणायाम वाटेल. पण विचार करा, ‘थांब’ हा निरोप पाठवणारी तार मधेच उंदराने कुरतडली असेल तर? बटण दाबूनही काहीच होणार नाही, आणि ते कळणार नेमके त्या क्षणी, जेव्हा कोणाची बाही यंत्रात सापडलेली असेल. ‘चालू दे’ची तार कुरतडली गेली तर यंत्र तिथल्या तिथे थांबेल, मालक वैतागेल, इलेक्ट्रिशियनला बोलावणे जाईल, पण कोणी मरणार नाही. आगगाडीतली साखळी अशाच तत्त्वावर चालते. साखळी ओढली की ब्रेकच्या नळीतला दाब बिघडतो आणि ब्रेक लागतात. डबे मधेच सुटले, नळी तुटली, तरीही ब्रेक लागतातच. १९४८ च्या कारखाना अधिनियमाने संकटकाळी यंत्राची शक्ती तोडणारी साधने प्रत्येक कामाच्या खोलीत असावीत असे बंधन घातले होते. साधन बसवले की कायदा समाधानी होत असेल, पण त्याच्या मागची तार कशी जोडली आहे हे निरीक्षकाला बाहेरून कसे दिसणार?

बटण म्हणजे माणसाने यंत्राला सांगणे, तर दिवा म्हणजे यंत्राने माणसाला सांगणे. दिव्याची गोष्ट बटणाहून नाजूक आहे. सोसायटीच्या पंपघरातला ‘पंप चालू’ हा दिवा घ्या. त्याची तार चार ठिकाणांहून आणता येते. बटणाच्या मागून आणली, तर दिवा एवढेच सांगतो की बटण दाबले गेले. कॉइलवरून आणली, तर कॉइलला वीज मिळाली. कॉन्टॅक्टरच्या सहायक संपर्कावरून आणली, तर पट्टी खरोखर ओढली गेली. आणि पाण्याच्या नळीत प्रवाह मोजणारा स्विच बसवून त्याच्यावरून आणली, तर पाणी खरोखर चढते आहे. दिवा तोच, पाटी तीच, ‘पंप चालू’. पहिल्या तीन जोडण्यांत पंपाने हवा धरली असली आणि थेंबभर पाणी चढत नसले, तरी दिवा तेवत राहील आणि वॉचमन निर्धास्त बसेल. चौथ्या जोडणीला खर्च येतो. म्हणून बहुतेक ठिकाणी दुसरी किंवा तिसरी असते, आणि ते पाटीवर कोणी लिहीत नाही.

हा फरक केवढा महाग पडू शकतो, ते अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यात २८ मार्च १९७९ च्या पहाटे दिसले. हॅरिसबर्ग शहराजवळ नदीतल्या थ्री माइल आयलंड या बेटावर अणुवीज केंद्र होते. पहाटे चारच्या सुमारास त्याच्या दुसऱ्या अणुभट्टीत पाणीपुरवठ्याचा एक बिघाड झाला. दाब वाढला म्हणून दाब सोडणारी एक झडप आपोआप उघडली, तशी ती उघडायलाच हवी होती. दाब उतरल्यावर तिने मिटायला हवे होते. मिटण्याचा विजेचा हुकूम गेलाही. पण झडप अडकली आणि उघडीच राहिली. नियंत्रण कक्षात पॅनेलवर त्या झडपेसाठी एक दिवा होता. तो विझला. चालकांनी अर्थ घेतला की झडप मिटली. वस्तुतः त्या दिव्याची तार झडपेवरून आलेलीच नव्हती. झडप उघडणाऱ्या विद्युतचुंबकाला वीज मिळते आहे की नाही, एवढेच तो सांगत होता. हुकूम गेला याची ती पोच होती, हुकमाची अंमलबजावणी झाली याची नव्हे.

त्यानंतर दोन तासांहून अधिक काळ भट्टीचे थंड ठेवणारे पाणी त्या उघड्या झडपेतून वाहून जात राहिले. मुळात भट्टीत किती पाणी आहे हे थेट सांगणारे मापकच नव्हते. दुसऱ्या एका टाकीतल्या पातळीवरून अंदाज बांधायचा, आणि ती पातळी तर चढलेली दिसत होती. म्हणून चालकांनी आपत्कालीन पाण्याचा पुरवठाच कमी केला. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याच्या सूचना एकदम वाजू-लुकलुकू लागल्या होत्या. त्यांत महत्त्वाची कोणती आणि फुटकळ कोणती हे पॅनेल सांगत नव्हते. त्या सूचना छापणारे यंत्र तर तासांनी मागे पडले. आणखी एका झडपेच्या स्थितीचा दिवा दुरुस्तीच्या कामाच्या एका लटकत्या चिठ्ठीने झाकला गेला होता, असेही पुढे आढळले. भट्टीचा गाभा जवळजवळ निम्मा वितळला. सुदैवाने बाहेर पडलेला किरणोत्सर्ग अल्प होता. राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी नेमलेल्या केमेनी आयोगाने त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अहवाल दिला. त्यात चालकांच्या चुकांबरोबर त्यांचे अपुरे प्रशिक्षण आणि गोंधळात टाकणारी नियंत्रण कक्षाची मांडणी यांनाही जबाबदार धरले गेले. आमच्या मते त्या पहाटे कक्षात असलेल्या माणसांना दोष देणे हा निव्वळ उद्धटपणा आहे. पॅनेल त्यांच्याशी अर्धसत्य बोलत होते, आणि अर्धसत्य तारेत होते.

जाता जाता रंगांविषयी. लाल म्हणजे थांबा आणि हिरवा म्हणजे चला, हे लहान मूलही जाणते. पण वीज कंपनीच्या उपकेंद्रात गेलात तर नेमके उलटे दिसेल. तिथे ब्रेकर चालू असला, म्हणजे तारेत वीज असली, की लाल दिवा लागतो आणि तो बंद असला की हिरवा. तर्क असा की वीज आहे म्हणजे धोका आहे, तर लाल. दोन्ही पद्धती आपापल्या जागी शहाण्या. पण उपकेंद्रातला अनुभवी माणूस कारखान्यात नोकरीला आला, किंवा एकाच पॅनेलवर दोन्ही पद्धती नांदू लागल्या, की शहाणपणाचे रूपांतर सापळ्यात होते. म्हणून दिव्याखाली साध्या मराठीत दोन शब्दांची पाटी हवी. आपल्याकडे पाट्या मात्र इंग्रजीत कोरायची हौस. ज्याला बटण दाबायचे त्याला वाचता येईल अशी पाटी लावायला कितीसा खर्च येतो?

अणुवीज केंद्र आपल्यापासून दूरचे वाटेल, पॉवर प्रेस तसा नाही. पत्र्याला दाबून आकार देणारे हे यंत्र पुण्यापासून मानेसरपर्यंत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या शेकडो कारखान्यांत दणदणत असते. एका हाताने पत्रा साच्यात ठेवायचा, हात काढायचा, दणका, तयार भाग उचलायचा, पुन्हा पत्रा. दिवसातून हजारो वेळा. एकदा हात काढायला क्षणभर उशीर झाला की बोटे गेली. ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था अशा कामगारांसाठी काम करते. २०१९ पासून तिने ‘क्रश्ड’ या नावाने अहवाल प्रसिद्ध केले आहेत. त्यांतून समोर येणारे चित्र सुन्न करणारे आहे. हरियाणाच्या वाहन-उद्योग पट्ट्यापासून सुरुवात करून या संस्थेने भेटलेल्या जखमी कामगारांत हजारोंच्या हातांची बोटे गेलेली आहेत आणि अनेकांचा घात पॉवर प्रेसवर झालेला आहे.

यावरचा एक जुना उपाय पॅनेल बनवणाऱ्याच्या हातचा आहे. प्रेसवर एकाऐवजी दोन बटणे बसवायची, एकमेकांपासून हातभर दूर. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय दणका पडणार नाही. दोन्ही हात बटणांवर, म्हणजे साच्यात एकही नाही. किती सुटसुटीत! पण नगावर मजुरी किंवा नगावर दटावणी असली की माणूस युक्ती शोधतो. एका बटणात लाकडाची पाचर ठोकायची किंवा त्यावर चिकटपट्टी गुंडाळायची, की एक हात मोकळा झाला. पुष्कळदा सुपरवायझर तिकडे काणाडोळा करतो, कारण संध्याकाळी नग जास्त निघतात. अपघात झाला की तोच म्हणतो, कामगाराचा निष्काळजीपणा.

दोन बटणे नुसती एकापुढे एक जोडली, तर पाचर चालते. पण रिले वापरून जोडणी अशी करता येते की दोन्ही बटणे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली तरच यंत्र हलेल, आणि पुढच्या दणक्याआधी दोन्ही सोडली गेली पाहिजेत. एक बटण दाबून ठेवलेलेच राहिले, तर यंत्र पुढे चालणारच नाही. मग पाचर ठोकून उपयोग काय? यासाठीचे तयार रिले बाजारात मिळतात. प्रेसची, तिच्या वर्षभराच्या उत्पादनाची किंमत पाहिली तर त्यांची किंमत किरकोळ. दोन्ही प्रकारची पॅनेले बाहेरून अगदी जुळ्या बहिणींसारखी दिसतात. खरेदी विभागात दोन दरपत्रके शेजारी-शेजारी ठेवली जातात तेव्हा त्यांतला फरक फक्त आकड्यात दिसतो, आणि बहुधा कमी आकडा जिंकतो. प्रेसवर उभा राहणारा मुलगा, बहुतेकदा कंत्राटी, बिहार-ओडिशातून किंवा मराठवाड्यातून आलेला, तो त्या बैठकीला नसतो.

हल्ली पॅनेलच्या दारावर बटणांची गर्दी दिसत नाही, एक काचेचा पडदा असतो. ही क्रांती सुरू झाली तारेच्याच कंटाळ्यातून. मोटारींचे नवे मॉडेल आले की अमेरिकेतल्या जनरल मोटर्सच्या कारखान्यात रिलेंची अजस्र पॅनेले उसवून पुन्हा जोडावी लागत. १९६८ साली कंपनीच्या गिअर बनवणाऱ्या विभागाने यावर उपाय मागितला. बेडफर्ड असोसिएट्स या छोट्या कंपनीत डिक मॉर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे यंत्र बनवले की ज्यात तारा न हलवता कार्यक्रम बदलला की काम बदले. त्यांचा तो चौऱ्याऐंशीवा प्रकल्प, म्हणून यंत्राचे नाव मोडिकॉन ०८४. आज त्या जातीच्या यंत्राला पीएलसी म्हणतात. शेकडो रिलेंचे काम बुटाच्या खोक्याएवढा पीएलसी करतो. पण तारा संपल्या नाहीत. पडद्यावर ‘झडप बंद’ अशी सुंदर हिरवी आकृती उमटते, ती झडपेवरच्या स्विचने सांगितले म्हणून, की पीएलसीने हुकूम दिला म्हणून? प्रश्न १९७९ चाच आहे. आणि पडदा कितीही मोठा असला तरी त्याच्या शेजारी ते अळंबीसारखे लाल बटण असतेच, स्वतःच्या तारांसह. आता खास सुरक्षिततेसाठी बनवलेले पीएलसीही मिळतात, परंतु साध्या पीएलसीच्या किंवा पडद्यावरच्या चित्राच्या भरवशावर ते बटण सोडत नाहीत. घाबरलेला माणूस तळहाताने बडवतो. घामट, तेलकट हातमोज्यातला तो तळहात काचेला कळेलच असे नाही.

पॅनेल तयार झाले की वर्कशॉपमध्ये त्याची परीक्षा होते. आधी एकेक तार बझर लावून पाहायची, मग मेगरने पाचशे व्होल्ट देऊन कुठे विद्युतरोध कमी आहे का ते तपासायचे. मेगर लावण्याआधी पीएलसीच्या तारा सोडवायच्या, नाहीतर परीक्षेतच परीक्षार्थी जळतो. मग टेम्पोत दोर बांधून कपाट कारखान्यात जाते. रस्त्यांची अवस्था वाचकांना ठाऊकच आहे. हिसक्यांनी स्क्रू ढिले होतात, म्हणून जागेवर पोचल्यावर प्रत्येक स्क्रू पुन्हा आवळायचा असतो. ढिला स्क्रू तापतो, तापला की आणखी ढिला होतो, आणि एखाद्या दिवशी धूर निघतो. केबली तळाच्या प्लेटमधून ग्लँड लावून आत घ्यायच्या आणि उरलेली भोके बुजवायची. न बुजवलेल्या भोकातून पावसाळ्यात ओल येते, उंदीर येतो, आणि उबेला पाल येते. दोन फेजच्या पट्ट्यांवर एकाच वेळी पाय ठेवणारी पाल अख्खी पाळी बंद पाडू शकते. मोटारीच्या जाड केबली आणि मापकांच्या बारीक तारा एकाच गल्लीतून नेल्या तर मापके भलतेच आकडे दाखवू लागतात. मिक्सर सुरू केला की जुन्या टीव्हीवर रेघा यायच्या, तसाच हा प्रकार. या चुका नवख्या वायरमनच्या असतात असे मुळीच नाही. घाईला लावणाऱ्या साहेबांच्याही असतात. उद्घाटनाला मंत्री येणार म्हणून रातोरात जोडलेल्या पॅनेलांची कथा कोणत्याही वसाहतीत विचारा.

दाराच्या आतल्या बाजूला प्लास्टिकचा एक खिसा असतो. त्यात जोडणीच्या नकाशाची घडी ठेवायची पद्धत आहे. यंत्र बसवताना चार बदल होतातच. एक दिवा वाढतो, एक रिले बदलतो, कुठे दोन तारा तात्पुरत्या जोडल्या जातात आणि तशाच राहून जातात. नेटका माणूस त्याच दिवशी लाल पेनाने नकाशावर ते बदल नोंदवतो आणि खाली तारीख घालतो. पुष्कळ पॅनेलांच्या खिशात मात्र नकाशा मूळचाच असतो, कोरा करकरीत. काहींत नकाशाच नसतो, चहाची बिले असतात. मग चार वर्षांनी रात्रपाळीत दोन वाजता यंत्र बंद पडते, साहेब डोक्यावर उभा असतो, आणि तोंडात बॅटरी धरून दुसराच कोणी इलेक्ट्रिशियन सत्तेचाळीस क्रमांकाची तार कुठे जाते ते बोटाने चाचपत चॅनलचे झाकण काढू लागतो.